वर्ग, परीक्षा आणि श्रेयांक : माळव्यातील कॉलेजशिक्षणाची वाटचाल

‘यंदा कोणते विषय घेतलेस?’ हा प्रश्न आजकाल प्रवेशाच्या दिवसांत घरोघरी ऐकू येतो. आमच्या आजोबांच्या पिढीत कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. ‘कोणत्या वर्षाला आहेस?’ एवढेच विचारले जाई आणि त्या एका उत्तरावरून त्याचे विषय, त्याची पुस्तके, त्याची परीक्षा आणि पुष्कळदा त्याच्या विवाहाचा काळही समजून येई. या दोन प्रश्नांमध्ये जे अंतर पडले आहे, त्याचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाविद्यालयांचे इतिहास आपल्याकडे लिहिले गेले आहेत. त्यांत इमारती, देणगीदार आणि प्राचार्य यांना मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. परंतु विद्यार्थी आपला अभ्यासक्रम प्रत्यक्षात कसा ‘घेत’ आला, वर्गात किती बसला, घरी किती शिकला, परीक्षा कोणाची दिली आणि निवड करण्याची संधी त्याला कितपत होती, याचा विचार त्या मानाने कमी होतो. आम्ही उदाहरण मुख्यतः इंदूरचे घेणार आहोत. ग्वाल्हेर, वडोदरा आणि हैदराबाद येथील वाचकांना त्यात आपल्या गावचीही कथा ओळखू येईल, असा भरवसा वाटतो.

दूरची विद्यापीठे

१८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, त्यांचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. ही विद्यापीठे आरंभी स्वतः शिकवीत नसत. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाने अभ्यासक्रम नेमावा, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी कामाची वाटणी होती. आपल्या उच्च शिक्षणाची पुढची बहुतेक सगळी गुणदोषांची कहाणी या एका वाटणीतून निघाली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. जो शिकवितो तो परीक्षा घेत नाही आणि जो परीक्षा घेतो त्याने विद्यार्थ्याचे तोंडही पाहिलेले नसते, ही स्थिती पहिल्या दिवसापासूनची आहे. मुंबईच्या पहिल्या प्रवेश परीक्षेला १८५९ मध्ये १३२ विद्यार्थी बसले आणि थोडेच उत्तीर्ण झाले. त्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते.

इंदुरात ख्रिश्चन कॉलेज १८८७ मध्ये आणि होळकर कॉलेज १८९१ मध्ये सुरू झाले. होळकर कॉलेजची स्थापना महाराजा शिवाजीराव होळकर यांच्या कारकिर्दीतली. संस्थान होळकरांचे, विद्यार्थ्यांत मराठी घरांतील मुले पुष्कळ, आणि परीक्षा मात्र कलकत्ता विद्यापीठाची! प्रथम एन्ट्रन्स, मग दोन वर्षांनी एफ. ए., आणखी दोन वर्षांनी बी. ए. असा तो जिना होता. प्रत्येक पायरीवर इंग्रजी अनिवार्य. एखाद्या विषयात गुण कमी पडले, तर सामान्यतः सगळी परीक्षा पुन्हा द्यावी लागे. म्हणून त्या काळी ‘एफ. ए. फेल’ किंवा ‘बी. ए. फेल’ हीदेखील सांगण्यासारखी अर्हता होती. वर वर पाहता ते हास्यास्पद वाटेल. पण चार वर्षे अभ्यास करून एका विषयाने अडलेल्या माणसाजवळ आपले शिक्षण दाखविण्यासाठी दुसरे काय होते? पदवी अखंडच मिळे, नाहीतर मुळीच मिळत नसे.

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांची प्रादेशिक हद्द ठरली आणि मध्य भारतातील महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाकडे गेली. पुढे १९२१ च्या कायद्यानुसार अलाहाबाद स्वतः शिकविणारे, एका जागी वसलेले विद्यापीठ होऊ लागले, तेव्हा बाहेरच्या महाविद्यालयांची सोय लावण्यासाठी १९२७ मध्ये आग्रा विद्यापीठ निर्माण झाले आणि इंदूर-ग्वाल्हेर त्याच्या छत्राखाली आले. दरम्यान १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या सॅडलर आयोगाने इंटरमीजिएटचे वर्ग विद्यापीठापासून वेगळे काढावेत, अशी शिफारस केली होती. तिच्या अनुषंगाने १९२९ मध्ये अजमेर येथे राजपुताना, मध्य भारत आणि ग्वाल्हेर यांच्यासाठी हायस्कूल व इंटरमीजिएट बोर्ड स्थापन झाले. परिणाम असा की, एकाच महाविद्यालयात शिकणारा मुलगा इंटरला अजमेरचा आणि बी. ए. ला आग्र्याचा परीक्षार्थी असे.

या व्यवस्थेचा एक फायदाही होता आणि तो नमूद केला पाहिजे. आग्रा विद्यापीठाचा विस्तार मोठा असल्यामुळे एका गावी बी. ए. करून दुसऱ्या गावी एम. ए. ला जाणे सोपे होते. अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरच्या व्हिक्टोरिया कॉलेजातून बी. ए. झाले आणि एम. ए. साठी कानपूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात गेले, संस्थान आणि प्रांत बदलला, तरी विद्यापीठ आग्राच राहिले.

स्वातंत्र्यानंतर परीक्षा घराजवळ येत गेली. १९५७ मध्ये उज्जैनचे विक्रम विद्यापीठ झाले. १९६४ मध्ये इंदूर आणि ग्वाल्हेर या दोन्ही ठिकाणी स्वतंत्र विद्यापीठे आली. ग्वाल्हेरचे ते जिवाजी विद्यापीठ. इंदूरच्या विद्यापीठास १९८८ मध्ये देवी अहिल्या यांचे नाव देण्यात आले. कलकत्ता, अलाहाबाद, आग्रा, उज्जैन आणि अखेर इंदूर : एकाच महाविद्यालयाच्या पदवीपत्रावर पाऊणशे वर्षांच्या आत पाच विद्यापीठांचे शिक्के उमटले. वडोदऱ्याच्या वाचकांना हे चमत्कारिक वाटेल, कारण त्यांचे कॉलेज मुंबई विद्यापीठाशी जोडलेले राहिले आणि १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाले. पण शिक्के बदलले, तरी विद्यार्थ्याची दिनचर्या फारशी बदलली नाही. वर्षभर व्याख्याने, उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षा, आणि एका परीक्षेवर साऱ्या वर्षाचा निकाल, हे सूत्र सर्वत्र कायम होते.

घरी बसून शिकलेले

या सूत्राची एक बाजू आपण सहसा उजेडात आणत नाही. पदवी जर परीक्षेवरच मिळते, तर वर्गात बसलेच पाहिजे असे थोडेच आहे? इंग्रजी अमलातील विद्यापीठांनी सामान्य विद्यार्थ्यासाठी उपस्थितीची अट ठेवली होती. ‘टर्म भरली’, ‘टर्म मिळाली नाही’ हे शब्द मुंबईकडच्या नातेवाइकांच्या तोंडी आम्ही लहानपणी ऐकलेले आहेत. परंतु आग्रा विद्यापीठाच्या काळात शिक्षक आणि स्त्रिया यांना खासगी परीक्षार्थी म्हणून बसण्याची वाट मिळाली. पुढे मध्य प्रदेशातील विद्यापीठांनी ती कला व वाणिज्य शाखांमध्ये बरीच रुंद केली. अशा विद्यार्थ्याला आमच्याकडे ‘स्वाध्यायी’ म्हणतात. शब्द हिंदी कारभारातला असला तरी संस्कृतातून आलेला आहे आणि मराठी कानाला गोडच वाटतो. विज्ञान शाखेला ही वाट बंद होती, कारण प्रयोगशाळा घरी आणता येत नाही.

स्वाध्यायी विद्यार्थ्याकडे समाजाने थोडे खालच्या नजरेने पाहिले. ‘रेग्युलर की प्रायव्हेट?’ या प्रश्नातला सूर ज्याने ऐकला आहे, त्यालाच तो कळेल. तथापि आपल्या जुन्या मराठी घरांची हकीकत तपासली, तर या वाटेचे उपकार दिसल्याशिवाय राहत नाहीत. विवाहानंतर, मुले शाळेत जाऊ लागल्यावर, दुपारच्या वेळात पुस्तके वाचून बी. ए. झालेल्या काकू-मावश्या कोणत्या घरात नव्हत्या? आमच्या स्वतःच्या घरात एक काकू अशाच शिकल्या आणि शाळेत शिक्षिका झाल्या. त्यांना कोणत्याही कॉलेजच्या फाटकातून वर्गासाठी आत जावे लागले नाही. गेल्या त्या फक्त परीक्षेला. शासकीय नोकरीत लागलेल्या आमच्या पिढीतील कित्येकांनी तहसिलीच्या गावी बदलीवर असताना एम. ए. केले. दिवसा कचेरी, रात्री अभ्यास, आणि परीक्षेसाठी अर्जित रजा. आम्हीही त्यांपैकीच एक.

या वाटेत उणिवा होत्या, हे लपविण्याचे कारण नाही. ज्याला कोणी शिकवीत नाही, तो बाजारातील गाइडांच्या आणि ‘अपेक्षित प्रश्नां’च्या आधीन होतो. मात्र हा दोष केवळ स्वाध्यायींचा मानणे अन्यायाचे होईल. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाचा मुख्य आक्षेप हाच होता की, परीक्षेने अध्यापनामागे चालावयाचे, ते सोडून अध्यापनच परीक्षेमागे चालत आहे. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानेही विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली, तर ती परीक्षांची सुचवू, अशा आशयाचे मत दिले. म्हणजे वर्गात बसणारेही मनाने परीक्षेच्या मांडवातच बसलेले होते. वर्गातील विद्यार्थ्याला एक गोष्ट मात्र अधिक मिळे, ती म्हणजे सोबत. ‘आमची बॅच’ असे ज्यांना म्हणता येते, ते चाळीस वर्षांनंतरही एकमेकांच्या सुखदुःखात धावून येताना दिसतात.

वर्षाचे तुकडे

पदवीला लागणाऱ्या वर्षांची मोजणीही स्थिर राहिली नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने इंटरमीजिएट मोडून अकरा वर्षांची उच्चतर माध्यमिक शाळा सुचविली. तिला अनुसरून आमच्या वेळी मध्य प्रदेशात अकरावीची हायर सेकंडरी आणि त्यापुढे तीन वर्षांची पदवी होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचा दहा, दोन आणि तीन हा आकृतिबंध आमच्याकडे पुढे आला. या सगळ्या फेरफारांत विद्यार्थ्याच्या हाती निवड किती होती? शाखा कोणती, हे बहुधा वडील ठरवीत. कला शाखेत गेल्यास तीन विषयांचा गट घ्यावयाचा आणि तो कॉलेजच्या वेळापत्रकात बसला पाहिजे. एकदा गट घेतला की तीन वर्षे सुटका नाही. इतिहास शिकणाऱ्याने थोडे गणित शिकावे किंवा विज्ञानाच्या मुलाने मराठी साहित्याचा एखादा पेपर घ्यावा, हे त्या रचनेत शक्य नव्हते.

या शतकाच्या आरंभी वर्षाचे तुकडे पाडण्याची कल्पना रुजू लागली. मध्य प्रदेशात २००८ पासून पदवी स्तरावर सेमिस्टर, म्हणजे सत्र पद्धती आली. वर्षअखेरीस एकदाच गठ्ठ्याने अभ्यास करण्यापेक्षा सहा-सहा महिन्यांनी थोडा थोडा करावा, वर्गातील कामालाही गुण असावेत, हा तिचा उद्देश निःसंशय चांगला होता. पण परीक्षांची संख्या दुप्पट झाली आणि त्या घेणारी यंत्रणा तेवढीच राहिली. परीक्षा, मूल्यमापन, निकाल आणि पुन्हा परीक्षा या चक्रात अध्यापनाचे दिवस कमी होतात, अशी ओरड होऊ लागली. शेवटी २०१७-१८ पासून पदवी वर्गांसाठी ती पद्धती मागे घेण्यात आली. शासनात आयुष्य घालविल्यामुळे आम्हाला यात नवल वाटले नाही. नियम एका आदेशाने बदलतो; पण नियमाला पुरे पडतील एवढी माणसे, खोल्या आणि वेळ एका आदेशाने मिळत नाहीत.

श्रेयांकांची पेढी

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने याहून मोठा बदल आणला. मध्य प्रदेशाने ते महाविद्यालयांत २०२१-२२ पासून लागू केले. आता विद्यार्थी एक मुख्य विषय घेतो, एक गौण विषय घेतो, जोडीला एखादा ऐच्छिक आणि एखादा व्यावसायिक विषय, शिवाय प्रकल्प किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव. ‘मेजर’, ‘मायनर’ हे शब्द आमच्या नातवंडांच्या तोंडी इतके रुळले आहेत की त्यांना मराठी प्रतिशब्द सांगितला तर ती आमच्याकडेच आश्चर्याने पाहतात.

या रचनेचे माप वर्ष नसून क्रेडिट, म्हणजे श्रेयांक हे आहे. साधारणपणे पंधरा तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक, प्रयोगाच्या कामाला तीस तासांचा एक, असा हिशेब असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक लागतात. पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. थांबलेल्यास पुन्हा येण्याची सवलत आहे, मात्र एकूण सात वर्षांत शिक्षण पुरे व्हावे, अशी अपेक्षा आहे. मिळविलेले श्रेयांक जमा ठेवण्यासाठी २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ निर्माण झाली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठावरचे अभ्यासक्रम संगणकावर वा मोबाईलवर पाहून त्यांचेही श्रेयांक मिळू शकतात. विद्यापीठाने मान्यता दिल्यास एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे घेता येतात. २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करण्यासही आयोगाने अनुमती दिली आहे.

‘एफ. ए. फेल’ म्हणून आयुष्यभर ओळखला गेलेला मनुष्य आज असता, तर त्याच्या खात्यावर त्याने केलेल्या अभ्यासाची रीतसर नोंद असती. एका विषयापायी दोन वर्षे पाण्यात गेली नसती. घरच्या अडचणीने किंवा विवाहामुळे जिचे शिक्षण मध्येच सुटते, त्या मुलीला परत येण्याचा दरवाजा उघडा आहे. हा लाभ लहान नाही, आणि जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना तो विसरणे योग्य होणार नाही.

एका विद्यापीठातील शिक्षण दुसऱ्याने मान्य करावे, ही कल्पनादेखील आपल्याला अगदीच नवी नाही. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्या सत्याग्रहाची झळ औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजपर्यंत पोचली होती. उस्मानियाचे माध्यम उर्दू, नागपूरचे नियम निराळे. तरीही नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना प्रवेश दिला आणि त्यांचे शिक्षण वाचले. तेव्हा श्रेयांकांची पेढी नव्हती. एका विद्यापीठाने दुसऱ्याच्या विद्यार्थ्यांवर विश्वास टाकला, एवढेच भांडवल होते. आज नोंदींची यंत्रणा आहे; तो विश्वास तिच्याबरोबर वाढतो की नाही, यावर या योजनेचे यश अवलंबून राहील.

निवड कोणाच्या हाती?

जुन्या विद्यार्थ्याला निवड नव्हती, पण वाट आखलेली होती. नव्याला निवड पुष्कळ आहे, पण वाट त्याने स्वतः आखावयाची आहे. ज्या घरात कोणी समजावून सांगणारे असते, तेथे ही निवड वरदान ठरते. ज्या घरातून पहिलाच मुलगा कॉलेजात जातो, तो मात्र मित्राने जे घेतले किंवा जेथे जागा उरली, ते घेतो. शिवाय माहितीपत्रकात छापलेला विषय आणि शिक्षक असलेला विषय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरातील मोठ्या महाविद्यालयात दहा पर्याय असतील, तर तहसिलीच्या महाविद्यालयात जे एक-दोन शिक्षक आहेत, त्यांचेच विषय हा पर्याय ठरतो. आणि आमच्या काकूंसारख्या घरी बसून शिकणाऱ्या विद्यार्थिनीने प्रकल्प, अंतर्गत मूल्यमापन आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव कोठे नि कसा पुरा करावयाचा? ज्या वाटेने आपल्या कित्येक स्त्रिया शिकल्या, ती नव्या नियमांच्या गर्दीत अरुंद होऊ नये, याची काळजी धोरण राबविणाऱ्यांनी घ्यावयास हवी.

या साऱ्यात आपल्या भाषेचाही प्रश्न गुंतलेला आहे. बृहन्महाराष्ट्रातील मराठी विद्यार्थ्याने परीक्षा नेहमी दुसऱ्याच भाषेत दिली : प्रथम इंग्रजीत, मग हिंदीत, हैदराबादेत उर्दूत. मराठी त्याला लाभली ती एक विषय म्हणून. खुद्द मुंबई विद्यापीठातही मराठीला उच्च परीक्षांत स्थान मिळावे, म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना दीर्घकाळ प्रयत्न करावे लागले होते. इंदूर-ग्वाल्हेरच्या महाविद्यालयांत मराठी विषय शिकविला गेला, तो तेथे तो घेणारी मुले होती म्हणून.

विषय बंद कसा पडतो, हे आम्ही कचेरीच्या टेबलामागून पाहिले आहे. त्याला कोणी विरोध करीत नाही, कोणी ठराव करीत नाही. प्राध्यापक निवृत्त होतात, जागा रिकामी राहते, नेमणुकीच्या नस्तीवर छात्रसंख्या विचारली जाते, आकडा लहान असतो, आणि काही वर्षांनी ते पदच रद्द होते. उलट आकडा मोठा असेल, तर तीच नस्ती पुढे सरकते. आजवर आपण असे म्हणू शकत होतो की, विषयांचे गट आधीच ठरलेले आहेत, मराठीला त्यात जागा कशी मिळावी? नव्या रचनेत ही सबब उरलेली नाही. वाणिज्य शिकणारी मुलगी गौण किंवा ऐच्छिक म्हणून मराठी मागू शकते. आपल्या गावी शिक्षक नसल्यास अन्य विद्यापीठाचा मान्य अभ्यासक्रम घेऊन श्रेयांक आणता येण्याची शक्यता तरी आहे. मागणीच कोणी केली नाही, तर ‘विद्यार्थी उपलब्ध नाहीत’ एवढाच शेरा नस्तीवर पडेल, आणि तो खरा असेल.

म्हणून आमची वाचकांना एक विनंती आहे. प्रवेशाच्या दिवसांत घरातील मूल संगणकासमोर बसून विषयांची यादी पाहत असेल, तेव्हा मोठ्या माणसांनी शेजारी खुर्ची ओढून बसावे. मुख्य विषय त्याच्या आवडीचा आणि पोटापाण्याचा असू द्यावा. पण उरलेल्या जागांपैकी एखादी कशाने भरावयाची, यावर दोन शब्द बोलावेत. आणि यादीत मराठी नसेल, तर ती का नाही, हे महाविद्यालयाला लेखी विचारावे. अर्ज नोंदवून घ्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.